होकारबाईंचा अबोला

कंट्रोल रूममधल्या त्या बाईंना लाइनवरची सगळी मंडळी होकारबाई म्हणायची. तोंडावर नाही, तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती? राग नेहमी नाकाच्या शेंड्यावर, आणि शिस्त त्याच्याही चार पावलं पुढे. पण नाव चपखल बसलं होतं. बाईंना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर मनातून आवडतही होतं.

काम समजायला सोपं आहे. विजेच्या खांबावर माणूस चढायचा असला की बाई आपल्या खोलीतून त्या लाइनचा पुरवठा बंद करायच्या. वर गेलेली माणसं आधी तारांना अर्थिंगची साखळी अडकवायची, म्हणजे चुकूनमाकून वीज आलीच तर ती साखळीतून जमिनीत जावी, माणसातून नाही. काम झालं की साखळी काढायची, सगळ्यांनी खाली उतरायचं आणि मुकादमाने गाडीजवळ येऊन फोन करायचा: माणसं खाली, साखळी काढली, लाइन द्या. एवढे शब्द कानावर पडल्याशिवाय बाईंचा हात बटणाकडे जात नसे. एकदा एका मोठ्या साहेबाने घाईत नुसतं ‘हो हो, द्या’ म्हटलं, तर बाईंनी सरळ फोन ठेवून दिला. हो हो म्हणजे काय? माणसं कुठे आहेत, साखळी कुठे आहे, नीट तोंडाने सांगायला काय जीभ झिजते? साहेबाने पुन्हा फोन करून सगळं अगदी पाठ म्हणून दाखवलं. तेव्हापासून त्या होकारबाई.

आता यातली गंमत अशी, की ज्या टोळीचं काम बाईंच्या पाळीत जास्त पडायचं, तिचा मुकादम म्हणजे बाईंचा नवरा. अर्धा संसार असाच गेला होता, हा खांबावर आणि ही बटणापाशी. फोनवर तो तिला मॅडम म्हणायचा, ती त्याला मुकादम, आणि शेजारच्या टेबलावरची माणसं तोंडावर हात धरून हसायची. दोघंही हट्टी. घरात वाजलं की अबोला धरायचे, मुलगी मधल्यामध्ये निरोप पोचवून जेरीस यायची. पण अबोला कितीही पक्का असला, तरी ड्यूटीचा फोन चुकायचा नाही. माणसं खाली, साखळी काढली, लाइन द्या, मॅडम. त्या मॅडममध्ये कधी थोडी खोच असायची, कधी हसू. एकदा आवाज कानात गेला की निम्मा राग तिथेच उतरायचा, आणि संध्याकाळी चहाला दोन कप निघायचे. त्या फोनने त्यांचं किती वेळा सावरून घेतलं होतं, हे दोघांपैकी कोणी कबूल केलं नसतं.

मग ऑफिसने अॅप आणलं. प्रत्येक लाइनमनच्या मोबाइलमध्ये ते टाकायचं, मोबाइल आपली जागा सारखी कळवत राहणार, आणि कंट्रोल रूमच्या पडद्यावर प्रत्येक माणूस ठिपका होऊन दिसणार. अॅप तयार करणारी मुलगी समजावून द्यायला आली, तर बाईंनी तिला फैलावर घेतलं. मोबाइलला स्वतःची जागा कळते कशी? मुलीने सांगितलं, आकाशातल्या उपग्रहांवरून, आणि ते दिसत नसले तर आसपासच्या टॉवरांवरून. ठिपक्याभोवती हे वर्तुळ कसलं? माणूस त्या वर्तुळात कुठेतरी आहे, एवढंच मोबाइल खात्रीने सांगू शकतो. वर्तुळ जितकं लहान तितकी खात्री जास्त. आणि मोबाइल झोपी गेला तर? मुलगी जरा अडखळली. बॅटरी वाचवायला काही मोबाइल मध्येच गप्प होतात, म्हणाली, मग अॅप शेवटची माहीत असलेली जागा दाखवतं. बाई म्हणाल्या, शिळी जागा ताजी म्हणून माझ्या पानात वाढू नकोस. मुलीने ते मनावर घेतलं. पुढच्या खेपेला ताजा ठिपका हिरवा झाला होता आणि शिळा आपोआप राखाडी पडत होता. बाईंनी तिला शाबासकी दिली, आणि बाईंकडून शाबासकी मिळालेली माणसं त्या इमारतीत फार नव्हती.

मोबाइल कुठे आहे, केव्हा होता, किती पावलांनी चुकू शकतो, सगळं विचारून झालं. मोबाइल कोणाच्या अंगावर आहे, हे विचारायचं तेवढं राहिलं. नियम मात्र जुनाच ठेवला होता. ठिपके बघायला; लाइन द्यायची ती होकार ऐकूनच. पडद्यावर तसं बटणही होतं, ‘तोंडी होकार मिळाला’, आणि ते दाबल्याशिवाय पुढचं काही करता येत नसे.

यानंतर घरात जे वाजलं, ते याआधी कधी वाजलं नव्हतं.

मुकादमांचे गुडघे आता कुरकुर करत होते. चढताना ते मध्ये थांबतात, हे टोळीतल्यांनी बाईंच्या कानावर घातलं होतं. वर्षभर मागे लागून बाईंनी आणि लेकीने त्यांच्याकडून कबुली घेतली होती, की स्टोअरमधली जागा निघाली की ते ती घेतील आणि खांबावर चढणं बंद करतील. जागा निघाली. मुकादमांना विचारलंही गेलं. आणि या गृहस्थाने नाही म्हणून सांगितलं, वर घरी चकार शब्द काढला नाही. बाईंना ते कळलं स्टोअरकीपरकडून, जिन्यात, चार माणसांसमोर. बाईंनी घरी येऊन विचारलं, तर मुकादम म्हणाले, स्टोअरमध्ये बसून खिळे मोजण्यापेक्षा मी मेलेला बरा. बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. असं बोलतात? जिच्या हातात बटण आहे, तिच्यापुढे? त्या एक अक्षर बोलल्या नाहीत, आणि त्या दिवसापासून बोलल्याच नाहीत. जेवण झाकून ठेवलेलं असायचं, डबा भरलेला असायचा, निरोप लेकीमार्फत जायचे. लेक वैतागून म्हणाली, मला पगार तरी सुरू करा.

अबोल्याच्या चौथ्या का पाचव्या दिवशी वाऱ्याने शहराच्या कडेची एक लाइन गेली. सगळा भाग दुपारी बंद. पाण्याचा पंप बंद, दवाखाना जनरेटरवर. मुकादमांची पाच जणांची टोळी गाडी घेऊन निघाली. बाईंनी पुरवठा बंद असल्याची खात्री केली, बटणाला कुलूप घातलं आणि तसं कळवलं. मुकादमांशी बोलावं लागू नये म्हणून त्यांनी ते टोळीतल्या दुसऱ्याच्या मोबाइलवर सांगितलं. पलीकडे कोणी काही विचारलं नाही. सगळ्यांना सगळं माहीत असतं.

पडद्यावर पाच हिरवे ठिपके. आधी गाडीपाशी, मग लाइनखालून चालत पांगत गेलेले. बाईंनी त्यातला एक बोटाने दाबून नाव बघितलं, आणि उगाच बघितलं म्हणून स्वतःवरच चिडल्या. ठिपका जरा थांबत, जरा पुढे होत चालला होता. गुडघा, दुसरं काय. बऱ्याच वेळाने एका खांबापाशी सगळे गोळा झाले. तिथे घुटमळले. आणि मग एकेक करून पुन्हा गाडीकडे आले आणि तिथेच थांबले. हिरवेगार, ताजे, वर्तुळ अगदी लहान.

उतरले एकदाचे, बाईंच्या मनात आलं, आणि त्यांना इतकं हलकं वाटलं की स्वतःचंच नवल वाटलं. ठिपका गाडीत दिसला म्हणजे हे जमिनीवर आहेत, बसलेले आहेत, गुडघे चोळत असतील. तो ठिपका तिथे असावा अशीच त्यांची इच्छा होती, मग दुसरं काही डोक्यात येणार कसं? आता फोन येईल म्हणून त्या थांबल्या. फोन आला नाही. आणखी थांबल्या. आजपर्यंत कितीही भांडण असो, हा फोन आला नाही असं झालं नव्हतं. म्हणजे आता इथवर मजल गेली तर.

साहेब केबिनमधून दोनदा डोकावून गेले. पंपाचे लोक ओरडतायत, टोळीचं झालं का म्हणाले. बाई म्हणाल्या, गाडीत बसलेत. साहेबांनी पडद्यावर बघितलं, मान हलवली आणि मग द्या की म्हणून गेले. बाईंनी रिसीव्हर उचलला. नंबर तोंडपाठ होता. दोन आकडे फिरवले आणि खाली ठेवला. मी का म्हणून आधी बोलू? स्टोअरकीपरच्या तोंडून ऐकायची वेळ माझ्यावर आणली, आणि आता ‘माणसं खाली’ एवढं सांगायलाही यांना जड जातंय? नका सांगू. मला दिसतंय.

आणि होकारबाईंनी, ज्यांनी साहेबालासुद्धा सोडलं नव्हतं, त्यांनी ‘तोंडी होकार मिळाला’ हे बटण दाबलं. कुलूप काढलं. लाइन दिली.

पॅनेलमध्ये दाणकन आवाज झाला. लाल दिवा लागला आणि लागल्याबरोबर विझला, घंटा कर्कश वाजायला लागली. लाइन टिकलीच नव्हती. यंत्राने एका क्षणात स्वतःहून तोडली होती. बाईंनी घंटा बंद केली. असं होतं, नाही असं नाही. एखादी फांदी पडलेली असते, एखादा पक्षी असतो. पण तरी त्यांनी फोन लावला.

मुकादमांचा मोबाइल वाजत राहिला. उचलला नाही. क्षणभर बाईंना संतापच आला: एवढं झालं तरी हट्ट? मग त्यांनी दुसऱ्याला लावला. वाजत राहिला. तिसऱ्याला. चौथ्याला. पडद्यावर पाचही ठिपके हिरवे, ताजे, गाडीतच. पाच माणसं गाडीत बसली आहेत, पाचांचे मोबाइल वाजतायत, आणि एकही उचलत नाही? बाईंनी पडद्यावरचं चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. ठिपके शेजारीशेजारी नव्हते. एकावर एक होते.

डबा.

गाडीच्या पुढच्या सीटवर एक पत्र्याचा डबा असायचा. चढण्याआधी लाइनमन घड्याळ, अंगठी, किल्ल्या सगळं त्यात काढून ठेवतात. अंगावर धातू नको म्हणून. आणि एकदा वरून कोणाचा तरी मोबाइल सुटून खालच्याच्या खांद्यावर पडला, तेव्हापासून मोबाइलही. बाईंना हे माहीत नव्हतं असं कसं म्हणणार? नवऱ्याची अंगठी त्या डब्यात दोनदा विसरून राहिली होती, म्हणून दोनदा भांडण झालं होतं. पांगलेले ठिपके गाडीपाशी परत आले, ते काम संपलं म्हणून नाही. आता चढायचं होतं म्हणून.

बाईंनी अॅपवाल्या मुलीला फोन लावला आणि आवाज शक्य तितका स्थिर ठेवून विचारलं, मोबाइल माणसाच्या खिशात आहे की नुसता ठेवलाय, हे तुला कळतं का? मुलगी म्हणाली, जागेवरून नाही कळत, पण मोबाइल हलतोय का ते कळतं, थांबा बघते. कीबोर्डची टकटक ऐकू आली. मग ती म्हणाली, पाचही मोबाइल बराच वेळ जराही हललेले नाहीत. खिशात असते तर श्वासानेसुद्धा थोडे हलले असते. काय झालं, बाई? बाईंनी फोन ठेवला.

साहेब घंटा ऐकून बाहेर आले होते. फांदीबिंदी असेल, म्हणाले, एकदा पुन्हा देऊन बघा, बहुतेक जळून पडली असेल. आणि तशी पद्धत होतीच. पहिल्यांदा तुटली तर एकदा पुन्हा द्यायची, तेवढ्याने पुष्कळदा लाइन टिकते. त्यांनी स्वतःच हात पुढे केला. बाईंनी पॅनेलपुढे आडवं उभं राहून कुलूप परत घातलं, किल्ली मुठीत घेतली आणि त्यांना सांगितलं की माणसं वर आहेत. साहेब म्हणाले, अहो, पण गाडीत दिसतायत. बाई म्हणाल्या, मोबाइल गाडीत आहेत. साहेबांनी पडद्याकडे बघितलं, मग बाईंकडे. पण होकार? असा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर आला होता, तेवढ्यात केबिनमधला फोन वाजला आणि पंपवाल्यांना उत्तर द्यायला ते आत पळाले.

बाई खुर्चीवर बसल्या नाहीत, पडल्याच. साखळी लावलेली असेल, तर वीज तिच्यातून जमिनीत गेली असेल. म्हणून तर तुटली. पण ती लावत असतानाच दिली असली तर? काढत असताना? हे लावतायत, साखळी अजून हातात आहे, आणि मी... त्या पुढचं मनातही आणू शकल्या नाहीत. मेलेला बरा, असं ते म्हणाले होते. त्यांनी पुन्हा नंबर लावला. त्या डब्यात वाजत असेल. वाजू दे. वरून कोणाला तरी ऐकू जाईल. पडद्यावर ठिपके हिरवे होते, दर थोड्या वेळाने ताजे होत होते, मी इथे आहे, मी इथे आहे असं सांगत होते. बाईंना ते फोडून टाकावेसे वाटले.

एक ठिपका हलला.

जरासाच. गाडीतून बाहेर. कोणाचा, ते बघायला बाईंचं बोट पुढे झालं आणि मागे आलं. बघवेना. दुसऱ्या कोणाचा असला तर? तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला.

“मॅडम,” मुकादमांचा आवाज आला. मोठ्याने बोलत होते, कान बंद झाल्यासारखे. “माणसं वर आहेत. दोन उतरली, दोन अजून वर. साखळी लावलेली आहे. लाइनवर वीज आली होती.”

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. त्यांनी विचारलं, लागलं कोणाला? मुकादमांनी सांगितलं, एकाचा हात भाजलाय, फार नाही, साखळीपाशी जाळ झाला तेव्हा. एकजण पट्ट्याला लटकून नुसता थरथरतोय, त्याला उतरवायला वेळ लागतोय. बाकी ठीक. साखळीने वाचवलं.

“कोणीतरी घरचा जनरेटर उलटा लावलाय,” ते पुढे म्हणाले. “तिकडून वीज मागे आली. साहेबांना सांगून ते घर शोधायला लावा. पोरं घाबरली होती, म्हणत होती कंट्रोलने दिली. मी त्यांना सांगितलं, शक्य नाही. बटणावर ती बसलीय. माझा शब्द कानावर पडल्याशिवाय ती लाइन देणार नाही. दुसरं कोणी असतं तर मीही म्हटलं असतं.”

बाईंनी डोळे पुसले. केबिनच्या काचेतून साहेब दिसत होते, पंपवाल्यांना हात हलवून काहीतरी समजावत होते. जनरेटर. किती सोपं होतं. ते घर सापडणार नव्हतं, आणि ते सापडलं नाही म्हणून कोणाला नवलही वाटणार नव्हतं.

“जनरेटर नाही,” बाई म्हणाल्या. “मी दिली.”

पलीकडे कोणीतरी पाणी मागत होतं.

“का?”

“तुम्ही गाडीत दिसलात.” एवढ्यावर थांबता आलं असतं. त्यात खोटं काही नव्हतं. पण बाईंनी श्वास घेतला. “आणि मला तुमच्याशी बोलायचं नव्हतं. होकार आला नव्हता, तरी ‘मिळाला’ म्हणून बटण दाबलं, आणि दिली.”

फोनमध्ये मागून कोणीतरी विचारलं, दादा, कोणाचा जनरेटर होता, कळलं का? मुकादमांनी त्याला आधी सगळ्यांना खाली घ्यायला सांगितलं. मग पुन्हा फोनवर आले. आवाज हळू झाला होता, आणि त्यात मॅडम नव्हतं.

“साहेबांना सांगितलंस?”

“नाही. आधी तुम्हाला.”

“मग जा, सांग. मी तिथे आलो की मला खरं तेच सांगावं लागेल. त्याच्या आत तू सांग.”

“बरं.”

“आणि फोन ठेवू नको. मी इथे धरून आहे.”

बाईंनी रिसीव्हर टेबलावर आडवा ठेवला, मुठीतली किल्ली तशीच घट्ट धरली आणि साहेबांच्या केबिनचं दार उघडलं.